दोनशे जीबीची मालिका खिशात कशी मावते?

ठाकुर्लीकरांच्या नशिबी बहुतेक वेळा स्लो लोकलच. सीएसएमटीपर्यंतचं अंतर सुमारे ५० किलोमीटर, आणि वेळ सव्वा तास तरी धरायचाच. संध्याकाळी हीच वाट उलटी. ऑफिस सुटून, गर्दीत घुसून, स्टेशनबाहेर भाजी घेऊन घरी पोचेपर्यंत आठची मालिका संपत आलेली असते. मग करायचं काय? याचं उत्तर इथल्या मंडळींनी केव्हाच शोधून काढलंय. रात्री जेवणं उरकली की घरच्या वायफायवर एपिसोड डाउनलोडला टाकायचा. सकाळी लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकलं की इयरफोन कानात. डोंबिवलीला नायिकेच्या हाती ते पत्र लागतं, मुंब्र्याला रहस्य फुटतं आणि ठाणं यायच्या सुमारास उद्याचा प्रोमोही बघून झालेला असतो.

यात नवल ते काय, असं वाटत असेल तर एक हिशेब करू.

चांगल्या प्रतीच्या टीव्ही चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे लागतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती. एका आकड्याला एक बाइट, म्हणजे एका चित्राचे ६२ लाख बाइट झाले. अशी २५ चित्रं एका सेकंदात डोळ्यांसमोरून जातात. जाहिराती वगळून एपिसोड २२ मिनिटांचा धरा. सगळं गुणून येणारा आकडा आहे सुमारे २०५ जीबी!

एका एपिसोडचे २०५ जीबी. फोन १२८ जीबीचा घेतला असेल तर त्यात पूर्ण एपिसोडसुद्धा मावायचा नाही. मग व्हॉट्सॲपवरच्या गुड मॉर्निंगच्या फुलांना जागा उरायची गोष्टच सोडा. आणि तरीही डाउनलोड झालेली फाइल असते साधारण पाव जीबीची. मग आठशे भागांतले ७९९ गेले कुठे? आणि ते गेले असतील तर नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी जसंच्या तसं दिसतं कसं?

उत्तर मोठं मजेचं आहे. त्याची सुरुवात होते टीव्हीच्या चित्राच्या एका विचित्र स्वभावापासून.

जुना, पिक्चर ट्यूबचा टीव्ही आठवा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि मग हळूहळू या पट्ट्यातल्या गच्च्यांवर वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून अँटेना उभे राहिले. घरात शेजारपाजारच्यांची गर्दी, पडद्यावर निवेदिका. पण खरं सांगायचं तर त्या पडद्यावर निवेदिका कधीच पूर्ण नसायची. कुठल्याही एका क्षणी पडद्यावरचा फक्त एक बिंदू उजळत असायचा. तो बिंदू डावीकडून उजवीकडे पळत एक ओळ रेखायचा, मग पुढची ओळ, मग त्यापुढची. ६२५ ओळी झाल्या की एक चित्र. सेकंदाला अशा १५,६२५ ओळी! पडद्यावरचा लेप थोडा वेळ चमकत राहायचा, उरलेलं काम आपले डोळे आणि मेंदू करायचे. निवेदिका पूर्ण दिसायची ती फक्त आपल्या डोक्यात.

म्हणजे टीव्हीचं चित्र ही वस्तूच नव्हती. तो विजेच्या चढउतारांचा एक अखंड ओघ होता. आला आणि गेला. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ लागायचं तेव्हा रस्ते ओस का पडायचे? श्रद्धा तर होतीच, पण चुकलं की चुकलं ही धास्तीही होती. 

हा ओघ धरून ठेवायचा कसा?

आवाज धरून ठेवणं माणसाला आधीच जमलं होतं. टेपवर लोखंडाच्या संयुगाचा लेप असतो, तिच्यासमोर छोटं विद्युतचुंबक, म्हणजे हेड. आवाजाच्या चढउतारांनुसार टेपवर चुंबकीय खुणा उमटतात. पण आवाजाची कंपनं सेकंदाला फार तर २० हजार. टीव्हीच्या चित्राची जातात ५० लाखांपर्यंत. अडीचशे पट! खुणा एकमेकींवर चढू द्यायच्या नसतील तर टेपही तितक्याच जोरात पळवायला हवी.

बीबीसीच्या इंजिनिअरांनी खरोखरच ती पळवली. १९५८ मध्ये लोकांना दाखवलेल्या त्यांच्या ‘व्हेरा’ नावाच्या यंत्रात टेप सेकंदाला पाच मीटर वेगाने धावायची. पंधरा मिनिटांच्या चित्रीकरणाला साडेचार किलोमीटर टेप लागायची. डोंबिवली स्टेशनात एक टोक धरून रुळालगत ती अंथरत गेलात तर ठाकुर्ली मागे टाकून कल्याणच्या अगदी जवळ पोचाल, आणि तेवढ्यात कार्यक्रमाचा पहिला ब्रेकही नीट झालेला नसेल!

पण तोवर अमेरिकेत अँपेक्स कंपनीतल्या चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या चमूने प्रश्नच उलटा केला होता. टेप पळवायची कशाला? हेडच फिरवू या की! त्यांनी एका चकतीवर चार हेड बसवले आणि ती मिनिटाला १४,४०० फेऱ्या या वेगाने गरगर फिरवली. टेप आपली आरामात सरकतेय आणि हेड तिच्यावर आडव्या रेघा ओढत चाललेत. या चमूत रे डॉल्बी नावाचा एक कोवळा पोरगा होता. पुढे थिएटरात पडद्यावर ज्याचं नाव झळकलं तोच हा डॉल्बी. १४ एप्रिल १९५६ ला शिकागोत जाहीर प्रात्यक्षिक झालं. समोर चाललेलं भाषण संपलं, आणि लगेच तेच भाषण पडद्यावर पुन्हा सुरू झालं. माणसं आधी चक्रावली आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. टीव्हीवरचं ‘आत्ता’ असं परत आणून दाखवता येत होतं!

हे यंत्र आणायला पन्नासेक हजार डॉलर मोजावे लागायचे. ते तुमच्याआमच्या घरात आलं ते १९७५ च्या बीटामॅक्सने आणि १९७६ च्या व्हीएचएसने. घरात जुनी व्हीएचएस कॅसेट असेल तर हातात घ्या. बाजूची कळ दाबून पुढची झडप उचला. दिसेल अर्ध्या इंचाची काळसर, चकचकीत पट्टी. आपल्याकडच्या व्हीसीआरमध्ये ती सेकंदाला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर सरकायची. पण तिला वळसा घातलेलं ६२ मिलिमीटर व्यासाचं तिरकं ढोलकं सेकंदाला २५ गिरक्या घ्यायचं. ढोलक्यावरचा हेड आणि टेप यांच्यातला वेग झाला सेकंदाला पाच मीटरांच्या जवळपास. तोच, व्हेराचा वेग! फक्त टेप दोनशे पटींहून कमी लागली. तीन तासांचा सिनेमा अडीचशे मीटरांत बसला.

त्या चकचकीत पट्टीवर तिरक्या रेघा आहेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या. रुंदी ४९ मायक्रॉन, केसाहूनही बारीक. एका रेघेत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं चित्र. आता सांगा, व्हीसीआरवर पॉझ दाबल्यावर चित्र गोठून का राहायचं? टेप थांबायची, पण ढोलकं फिरतच असायचं. हेड त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचा आणि तोच क्षण सेकंदाला कितीतरी वेळा वाचायचा. पडद्यावर सगळं निश्चल, आणि डब्याच्या आत नुसती धांदल!

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. तो विकत घेणारे थोडे, एका रात्रीसाठी भाड्याने आणून तीन-तीन सिनेमे बघणारे बहुत. तिकडे अमेरिकेत मात्र हॉलिवूडच्या स्टुडिओंनी सोनीला कोर्टात खेचलं होतं. घरी बसून कार्यक्रम टेप करणं म्हणजे चोरी, असं त्यांचं म्हणणं. लहान मुलांच्या कार्यक्रमामुळे घरोघरी लाडके झालेले फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली, की आईबापांना मुलांसोबत सोयीच्या वेळी कार्यक्रम बघता येत असेल तर मला त्यात आनंदच आहे. १७ जानेवारी १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा गुन्हा नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर रेकॉर्डचं लाल बटण कदाचित तिथेच विझलं असतं.

वेळेचं बंधन सुटलं, जागेचं मात्र कायम होतं. १९८८ मध्ये सोनीने व्हिडिओ वॉकमन काढला. छोटी कॅसेट, तीन इंची पडदा, टीव्हीवरचं रेकॉर्ड करून हिंडता-फिरता बघता यायचं. पण टेप, मोटर आणि फिरणारं ढोलकं यांचं वजन खिशाला झेपणारं नव्हतं. ढोलकं घालवायचं तर चित्राचे आकडे करायला हवेत, आणि आकडे केले की समोर दत्त म्हणून २०५ जीबी उभे!

इथे आपल्या गोष्टीत बंगळुरूचा एक माणूस येतो.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा, बंगळुरूचा. इंजिनिअर होऊन ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवू लागले. चित्रातले आकडे कमी करण्याची एक गणिती कल्पना त्यांच्या डोक्यात घोळत होती. १९७२ मध्ये त्यांनी तिच्या अभ्यासासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले. प्रस्ताव नामंजूर झाला, कारण परीक्षकांना कल्पना फारच सोपी वाटली! अहमद थांबले नाहीत. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ती काही पानांच्या निबंधात छापली. नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, लाडाने डीसीटी. तुम्ही आजवर फोनवर पाहिलेला जवळजवळ प्रत्येक जेपीईजी फोटो आणि व्हिडिओ या कल्पनेच्या किंवा तिच्या लेकीसुनांच्या हातून गेलेला आहे.

ही कल्पना काय आहे? समजा, मैत्रिणीने फोनवर विचारलं, आज दारात कुठली रांगोळी काढलीस? तुम्ही काही रांगोळीच्या प्रत्येक कणाची जागा सांगत बसत नाही. “नऊ ते एक ठिपके, मध्ये कमळ, कडेने वेल,” एवढं सांगता. तेवढ्यावर तिच्या दारात तीच रांगोळी उमटते. तुमच्या दारी कुठे बोट थरथरलं, कुठे चिमूट सांडली, ते तुम्ही सांगितलेलंच नसतं. आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नाही.

डीसीटी हेच करतं, पण गणिताच्या शिस्तीत. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चिमुकले चौकोन पाडायचे. एका चौकोनात ६४ ठिपके, म्हणून ६४ आकडे. गणिताकडे ६४ ठरावीक नक्ष्या तयार आहेत. पहिली नुसती सपाट. पुढची एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला गडद. मग दोन लाटा, तीन लाटा, आणि शेवटी अगदी बारीक चौकटी. आणि आश्चर्य हे, की जगातल्या कुठल्याही चित्राचा कुठलाही चौकोन या ६४ नक्ष्या कमीजास्त प्रमाणात मिसळून तंतोतंत तयार होतो. नायिकेच्या गालाचा तुकडा असो, पैठणीचा काठ असो की दिवाणखान्याची भिंत, नक्ष्या त्याच, फक्त प्रमाण वेगळं.

पण ६४ आकड्यांऐवजी पुन्हा ६४ आकडेच आले, मग कमावलं काय? गंमत पुढेच आहे. भिंत बहुतेक सपाट असते. गालावर छटा हळूहळू बदलते. त्यामुळे जवळपास सगळं वजन पहिल्या चार-पाच नक्ष्यांतच गोळा होतं. बारीक नक्ष्यांचे आकडे इतके क्षुल्लक असतात, की ते शून्य धरले तरी डोळ्यांना पत्ता लागत नाही. आणि पन्नास शून्यं एका ओळीत आली तर ती लिहून काढायचीही गरज नाही. ‘यापुढे सगळी शून्यं’ म्हटलं की झालं.

रंगांचं तर विचारूच नका. उजेड-अंधारातला बारीक फरक आपले डोळे चटकन टिपतात, रंगांच्या बाबतीत मात्र ते बरेच ढिसाळ आहेत. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदाच. एवढ्यानेच २०५ जीबीतले निम्मे उडाले, आणि गेली कित्येक वर्षं आपल्यापैकी कुणी तक्रारसुद्धा केलेली नाही!

तरी आठशेपट घट काही झाली नाही. उरलेली किमया हालचालीची आहे, आणि तिथे आपल्या मालिका अगदी गुणाच्या. दिवाणखाना तोच. सोफा, देव्हारा, जिना तिथल्या तिथे. सासूबाईंनी काहीतरी भयंकर सांगितलं, ढगांचा गडगडाट झाला आणि कॅमेरा सुनेच्या चेहऱ्यावर तीनदा चालून गेला. यात नवीन काय घडलं? फारसं काहीच नाही. म्हणून फाइलमध्ये प्रत्येक चित्र साठवतच नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवायचं आणि मधल्यांसाठी नुसत्या सूचना: हा चौकोन मागच्या चित्रातून उचल, तीन ठिपके उजवीकडे सरकव, थोडा उजळ कर. भिंतीसाठी तर एवढंच, की ‘जशी होती तशीच’.

याहून अजब म्हणजे काही चित्रं मागच्या आणि पुढच्या, दोन्ही चित्रांच्या आधाराने बनतात. सून मान वळवते तेव्हा तिच्या मागून कॅलेंडर हळूहळू उघडं पडतं. मागच्या चित्रात ते झाकलेलं होतं, पुढच्या चित्रात ते दिसणार आहे. मग फोन काय करतो? पुढचं चित्र आधी उलगडून घेतो, त्यातून कॅलेंडर उचलतो आणि मधलं चित्र पुरं करतो. म्हणजे तुम्ही ‘आता काय होणार’ म्हणून श्वास रोखता तेव्हा फोनला ते कळलेलं असतं, सेकंदाच्या छोट्याशा अंशाने का होईना.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय? विसर्जनाच्या मिरवणुकीचा प्रसंग शोधा. गुलाल उधळला की पॉझ करा आणि चित्र मोठं करून बघा. चेहऱ्यांच्या आसपास, गुलालाच्या ढगात तुम्हाला चौकोन-चौकोन दिसतील. हेच ते तुकडे. गुलालाचा प्रत्येक कण स्वतंत्र दिशेने उडतो, त्याला ‘मागच्या चित्रातून उचल’ हा हिशेब लागू पडत नाही, बारीक नक्ष्याही शून्य धरता येत नाहीत. धो धो पाऊस, लाटांचं पाणी, उधळलेल्या अक्षता यांनी गणिताला फेस येतो. सासूबाईंच्या दिवाणखान्यात ते निवांत झोपा काढतं.

म्हणजे टीव्ही खिशात मावला तो खिसा मोठा झाला म्हणून नव्हे. माणसाला काय दिसत नाही, ते नेमकं कळलं म्हणून! तुमच्या फोनमध्ये एपिसोड नाहीच. तिथे एपिसोड पुन्हा रचण्याच्या सूचना आहेत, आणि तो दर वेळी तुमच्या हातात नव्याने रचला जातो, सेकंदाला २५ वेळा.

आकड्यांचा हा आटोपशीर ओघ आपल्या घरी आला सॅटेलाइटवरून. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला अनेक मराठी मालिकांची चित्रीकरणं चालतात. तिथून ठाकुर्ली सरळ रेषेत तशी जवळच. पण डिशवर दिसणारा प्रसंग वाहिनीकडून जातो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहापर्यंत, आणि तेवढाच खाली येतो. शेजारच्या गावची गोष्ट ७२ हजार किलोमीटरचा वळसा घालून येते, आणि या चढउताराला लागतो पाव सेकंद!

आल्यावर ती हार्ड डिस्कवर ठेवायची, एवढंच बाकी होतं. अमेरिकेत १९९९ मध्ये हे काम करणारं टिवो यंत्र आलं, आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस. दारावर कुरिअरवाला आला म्हणून चालू मॅच थांबवता येते, हे पहिल्यांदा बघितलेल्या घरांतले चेहरे आठवा. डिस्क एकीकडे येणारा ओघ लिहीत असते आणि दुसरीकडून मघाचा वाचून दाखवत असते. २०१५ च्या सुमारास याच कंपनीने ट्रान्सफर नावाचा सेट टॉप बॉक्स आणला. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला कार्यक्रम घरच्या वायफायवरून थेट फोनमध्ये किंवा टॅबमध्ये घ्यायचा आणि घराबाहेर पडायचं. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबनेही ऑफलाइन बघण्याची सोय भारतात दिली होती. चालत्या लोकलमध्ये नेटवर्क का रखडतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पत्र्याचा डबा रेडिओलहरी अडवतो, शिवाय गाडी हजारो फोन घेऊन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत घुसते. टॉवरने तरी कुणाकुणाला पुरायचं? एपिसोड घरूनच घेऊन निघालेल्याला याचं सोयरसुतक नसतं.

आणि फोनमध्ये तो राहतो कुठे? तिथे ना टेप, ना फिरणारी चकती. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली. तिच्या अब्जावधी कप्प्यांत थोडेसे इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. कप्प्याभोवती वीज न वाहू देणारा थर आहे. मग इलेक्ट्रॉन आत शिरले कसे? विजेचा दाब वाढवला की ते या बाजूला असतात ते थेट त्या बाजूला उमटतात. आपल्या रोजच्या जगात अशक्य असलेली ही गोष्ट अणूंच्या जगात चक्क नियमाने घडते. दाब काढला की ते आतच अडकतात, फोन बंद केला तरी वर्षानुवर्षं. नायिकेचे अश्रू, खलनायिकेची भुवई आणि शीर्षकगीत, हे सगळं अखेर अशा कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांत आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. एपिसोड तुमच्या फोनमध्ये असला तरी तो तुमचा नाही. ॲपने तो कुलूप लावून ठेवलेला असतो. त्याची किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या, आणि शक्य असलेल्या अशा संख्यांची मोजदादच ३९ आकडी भरते. किल्ली असते ॲपकडे. मुदत संपली, वर्गणी थकली किंवा मालिकेचे हक्क दुसरीकडे गेले, की इलेक्ट्रॉन जागेवर असतात आणि एपिसोड उघडत नाही. कॅसेटचं तसं नव्हतं. ती एकदा भरली की तुमची.

हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. टेपा महाग होत्या तेव्हा कार्यक्रम पुसून त्याच टेपेवर दुसरा चढवण्याची पद्धत जगभर होती. ‘रामायण’ जपलेलं होतं म्हणून २०२० च्या लॉकडाउनमध्ये ते पुन्हा दाखवता आलं. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांतले कितीतरी कार्यक्रम मात्र आता फक्त बघणाऱ्यांच्या आठवणीत आहेत. बीबीसीने तर ‘डॉक्टर हू’ या आपल्या गाजलेल्या मालिकेचेही नव्वदहून अधिक भाग असेच गमावले. पण त्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. का? कारण त्या काळी काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते टेप करून घेतले होते. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मरेपर्यंत घरच्या घरी बातम्यांच्या वाहिन्या रात्रंदिवस रेकॉर्ड केल्या. जमल्या सुमारे ७० हजार कॅसेटी. लोकांना तो छंद विक्षिप्त वाटायचा. आज तो संग्रह इंटरनेट अर्काइव्हकडे आहे. मोठ्या संस्थांनी पुसलेलं घरच्या माणसांनी राखलं, असं एकदा नव्हे, अनेकदा घडलंय.

आपल्याकडेही ते घडू शकतं, पण हाताशी वेळ थोडा आहे. चुंबकीय टेप कायमची टिकत नाही, आणि ती वाचणारी यंत्रंही संपत चाललीत. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी जुलै २०१६ मध्ये थांबली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने तर २०१५ मध्येच बजावलं होतं, की २०२५ पर्यंत ज्या टेपांचं डिजिटल रूपांतर होणार नाही, त्यांपैकी बहुतेक हातच्या गेल्या असं समजा. ती मुदतही आता उलटून गेली आहे.

तेव्हा एक विनंती. ठाकुर्ली-डोंबिवलीत जुन्या इमारती धडाधड रिडेव्हलपमेंटला जात आहेत, माळे रिकामे होत आहेत. तुमच्या माळ्यावर व्हीएचएस कॅसेटी असतील तर भंगारात देण्याआधी लेबलं वाचा. लग्नाच्या कॅसेटवर उरलेल्या जागेत कुणीतरी दूरदर्शनचा एखादा कार्यक्रम भरलेला असू शकतो. आपल्या दमट हवेत टेपेवर पांढरी बुरशी धरते. झडप उघडल्यावर ती दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप फाटेल आणि हेडही खराब होतील. जाणकाराकडून साफ करून घ्या, डिजिटल करून घ्या आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. जे काम मोठ्या संस्थांच्या हातून राहून गेलं, ते तुमच्या माळ्यावरच्या एका कॅसेटने झालेलं असू शकतं. आधी बघा, मग टाका.